बॉटला स्वतःची किल्ली देऊ नका : मी तो व्हिडिओ का काढला



चॅनेलवर गिटहब बॉट बनवायचा एक व्हिडिओ होता, ‘दहा मिनिटांत बॉट’ म्हणून. तो आता दिसणार नाही. मीच काढलाय. गेले काही दिवस बरेच जण विचारतायत, सर लिंक चालत नाही, चांगला व्हिडिओ होता, का काढला? त्यातला बॉट चालत होता हे खरं आहे. पण तो बनवताना मी एक पायरी चुकीची शिकवली होती आणि त्या चुकीचे पैसे दुसऱ्या कुणीतरी भरले. म्हणून हा लेख. जरा मोठा आहे, पण ज्यांनी तो व्हिडिओ बघून बॉट बनवलाय त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

नवीन लोकांसाठी दोन ओळी. गिटहब म्हणजे कोड आणि फाइल्स ठेवायची ऑनलाइन जागा. २००८ साली सुरू झालं, २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं. तिथे प्रत्येक प्रोजेक्टच्या कपाटाला रिपॉझिटरी म्हणतात, आपण रेपो म्हणू. रेपोत काही बदललं की त्याची नोंद होते, तिला कमिट म्हणतात. आपल्या रोजकीर्दीसारखंच : कोणी, कधी, काय बदललं. आणि एपीआय म्हणजे माणसाने वेबसाइटवर जाऊन बटणं दाबायच्या ऐवजी प्रोग्रॅमने थेट काम सांगायची खिडकी. त्या खिडकीवर जाऊन आपल्या वतीने काम करणारा प्रोग्रॅम म्हणजे बॉट. खिडकीवर ओळख दाखवावी लागते, ती ओळख म्हणजे टोकन.

मी काय शिकवलं होतं

माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. तांब्याचा भाव हलला की वायरचे रेट हलतात. वेबसाइटवरची रेट लिस्ट रोज हाताने बदलायचा कंटाळा येतो. म्हणून मी एक बॉट बनवला. रोज सकाळी तो गूगल शीटमधले रेट वाचतो, गिटहबच्या एपीआयवर जातो, रेपोतली रेट लिस्टची फाइल बदलतो. वेबसाइट दुसऱ्या होस्टिंगवर आहे, ती रेपोत बदल दिसला की आपोआप उचलते. (गिटहबची स्वतःची पेजेस नावाची मोफत सोय आहे, पण ऑनलाइन दुकान चालवायला ती वापरायची नाही असं त्यांच्या नियमांत आहे, म्हणून होस्टिंग वेगळं.)

इथपर्यंत सगळं बरोबर. चूक टोकनच्या पायरीवर. मी व्हिडिओत काय म्हणालो होतो ते मला शब्दशः आठवतं : “क्लासिक टोकन घ्या, सगळ्या खुणा करून टाका म्हणजे नंतर एरर येणार नाही. मुदत ‘नो एक्स्पायरेशन’ ठेवा म्हणजे परत परत कटकट नको. आणि हे टोकन इथे स्क्रिप्टमध्ये पेस्ट करा. झालं!”

का शिकवलं असं? कारण व्हिडिओ दहा मिनिटांत बसवायचा होता. परवानग्या समजावत बसलो की लोक व्हिडिओ सोडून जातात. हे कारण आहे, सबब नाही.

दिवाळीच्या तोंडावर काय झालं

आपल्या एक प्रेक्षक ताई आहेत, मसाले आणि दिवाळीचा फराळ विकतात. नाव, गाव सांगत नाही. त्यांनी व्हिडिओ बघून बॉट बनवला. छान चालला. श्रावणात ओळखीतल्या एका मुलाने विचारलं, काकू तुमचा तो कोड द्या ना, मलाही करायचंय. ताईंनी अख्खी फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवली. टोकन फाइलमध्येच होतं. ते टोकन आहे आणि ते कुणाला द्यायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

फाइल पुढे कुठे कुठे गेली ते माहीत नाही. दिवाळीच्या आठवडाभर आधी एका गिऱ्हाइकाचा फोन आला, “ताई, तुमच्या साइटवरचा क्यूआर स्कॅन केला तर नाव दुसरंच येतंय हो.” बघितलं तर पेमेंटच्या क्यूआरचं चित्र बदललेलं. डिझाइन तेच, रंग तोच, खातं मात्र भलत्याचंच. दोन दिवस पैसे तिकडे जात होते. अकरा ऑर्डर्स, ७,४६० रुपये.

रेपोतल्या नोंदी उघडल्या तेव्हा खरी गंमत कळली. बॉट ताईंच्याच टोकनवर चालायचा, त्यामुळे त्याची रोजची कमिट ताईंच्याच नावावर पडायची, ‘रेट अपडेट’ असा मजकूर घेऊन. क्यूआर बदलणाऱ्यानेही तेच टोकन वापरलं आणि तोच मजकूर लिहिला. यादीत सगळ्या ओळी एकसारख्या : ताईंचं नाव, रेट अपडेट. रोजच्या नोंदींत एक नोंद चोराची आहे हे बघून कळणार तरी कसं?

त्यांच्या खात्यात अजून एक खाजगी रेपो होता, त्यात गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर. सगळ्या खुणा केलेलं टोकन तोही रेपो उघडू शकत होतं. तो कुणी बघितला का, हे आम्हाला आजही सांगता येत नाही. आणि सात हजारांपेक्षा हेच मला जास्त खुपतं.

ताईंनी १९३० वर तक्रार केली. आणि अकराही लोकांना फराळ पोचवला. “त्यांनी पैसे दिलेत, माल द्यायलाच हवा,” म्हणाल्या. मी अर्धे पैसे देऊ केले. त्या म्हणाल्या, “पैसे नकोत दादा. तुमचा व्हिडिओ बघूनच केलं होतं. तो व्हिडिओ तेवढा काढा.”

काढला.

बॉट म्हणजे कामाला ठेवलेला माणूस

आपण दुकानदार लोक. दुकानात नवा मुलगा कामाला ठेवला तर पहिल्या दिवशी गल्ल्याची, गोडाऊनची आणि घराची किल्ली एका जुडग्यात देतो का? त्याला आपल्या नावाने सही करायला सांगतो का? नाही. त्याला ज्या रॅकवर काम आहे तेवढं दाखवतो, चलनावर त्याची सही वेगळी घेतो आणि काम सोडलं की किल्ली परत घेतो. बॉटच्या बाबतीत मात्र आपण पहिल्या दिवशी सगळं जुडगं देतो, कारण तो माणूस दिसत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे : बॉटला स्वतःचं नाव, एकाच कपाटाची किल्ली आणि शेवटची तारीख या तीन गोष्टी दिल्याशिवाय तो चालू करू नका. ताईंच्या प्रकरणात या तीनपैकी एक जरी असती तरी नुकसान अडलं असतं किंवा लवकर सापडलं असतं. वेगळं नाव असतं तर ताईंच्या नावाची भलती नोंद डोळ्यात भरली असती, किंवा बॉटने क्यूआरच्या चित्राला कशाला हात लावला हा प्रश्न पडला असता. एकाच कपाटाची किल्ली असती तर गिऱ्हाइकांचे पत्ते सुरक्षित राहिले असते. तीस दिवसांची मुदत असती तर श्रावणातलं टोकन दिवाळीला चाललंच नसतं.

“आमच्या छोट्या दुकानात कोण येणार चोरी करायला?”

हा प्रश्न मला दर बॅचला येतो. उत्तर असं की चोर दुकान बघून येत नाही, उघडं दार बघून येतो. आणि ही चूक फक्त आपण नवशिके करतो असंही नाही.

मार्च २०२३ मध्ये खुद्द गिटहबची एक खाजगी एसएसएच किल्ली थोड्या वेळासाठी सार्वजनिक रेपोत उघडी पडली होती. त्यांना ती तातडीने बदलावी लागली. ज्यांचं घर आहे त्यांची ही गत.

दुसरं उदाहरण आपल्या विषयाला अगदी चिकटून आहे. गिटहबवर अॅक्शन्स नावाची सोय आहे, ठरलेल्या वेळी किंवा ठरलेल्या घटनेनंतर तुमची स्क्रिप्ट चालवून देते. त्यात लोकांनी बनवलेले तयार तुकडेही वापरता येतात. ‘टीजे-अॅक्शन्स’चा ‘चेंज्ड-फाइल्स’ हा असाच एक तुकडा, २३,००० हून जास्त रेपो तो वापरत होते. मार्च २०२५ मध्ये त्यात घातक कोड घुसवला गेला. तो कोड वापरणाऱ्यांची गुपितं त्यांच्याच लॉगमध्ये छापायला लागला, म्हणजे ज्यांचे लॉग सार्वजनिक होते त्यांच्या किल्ल्या भर चौकात. आणि हल्लेखोर आत कसा शिरला? त्या प्रोजेक्टच्या बॉटचं पर्सनल अॅक्सेस टोकन त्याच्या हाती लागलं होतं. एका बॉटची एक किल्ली.

त्यावरून एक धडा लगेच घ्या. दुसऱ्याचा तयार तुकडा वापरताना त्याच्या आवृत्तीच्या नावावर विसंबू नका, त्या कमिटचा पूर्ण लांब क्रमांक लिहा. नावाची पाटी काढून दुसऱ्या मालावर लावता येते, त्या प्रकरणात नेमकं तेच झालं. क्रमांक तसा बदलता येत नाही. आणि चार ओळींत स्वतः करता येण्यासारखं काम असेल तर दुसऱ्याचा तुकडा घेऊच नका.

मग आता कसं करायचं?

तीन रस्ते आहेत. तुमचं काम कुठल्यात बसतं ते बघा.

पहिला, बहुतेकांसाठी हाच पुरेल : काम एकाच रेपोतलं असेल तर स्वतःचं टोकन बनवूच नका. गिटहब अॅक्शन्समध्ये स्क्रिप्ट चालवा. तिथे प्रत्येक वेळी काम सुरू झालं की गिटहब स्वतः एक तात्पुरतं टोकन तयार करून देतं. ते त्या एकाच रेपोपुरतं असतं आणि काम संपलं की संपतं. तुम्हाला फक्त वर्कफ्लोच्या फाइलमध्ये ‘कन्टेन्ट्स : राइट’ एवढी परवानगी लिहायची. त्या टोकनने एपीआयवरून केलेली कमिट बॉटच्या वेगळ्या नावाने पडते, तुमच्या नाही. नाव वेगळं, कपाट एकच, मुदत काही मिनिटांची. तिन्ही गोष्टी फुकटात. आणि पेस्ट करायला टोकनच नाही, त्यामुळे कोड व्हॉट्सअॅपवर पाठवला तरी किल्ली जात नाही. मी माझा बॉट आता यावर आणलाय. गंमत म्हणजे जुन्या पद्धतीपेक्षा पायऱ्या कमी लागल्या.

यातल्या खाचाखोचा सांगून ठेवतो. वेळ मूलतः यूटीसीमध्ये मोजली जाते, म्हणजे आपल्या सकाळी आठसाठी २ वाजून ३० मिनिटं लिहायचं. गर्दी असेल तर काम ठरल्या वेळेपेक्षा उशिरा सुरू होऊ शकतं, तासाच्या ठोक्याला तर हमखास गर्दी. मिनिटाच्या हिशोबाची कामं यावर टाकू नका. सार्वजनिक रेपोत साठ दिवस काहीच हालचाल नसेल तर ठरलेल्या वेळेची कामं गिटहब बंद करतं. आणि या तात्पुरत्या टोकनने केलेल्या कमिटमुळे दुसरा वर्कफ्लो सुरू होत नाही. ते मुद्दाम तसं आहे, नाहीतर बॉटने बॉटला उठवत राहायचं. पुढची पायरी असेल तर ती त्याच वर्कफ्लोत लिहा.

दुसरा रस्ता : बॉट बाहेर चालतोय, तुमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर किंवा दुसऱ्या सर्व्हरवर. मग फाइन-ग्रेन्ड टोकन घ्या, क्लासिक नको. यात रेपो निवडता येतो, परवानगी एकेक निवडता येते. एक रेपो, फक्त फाइल्स लिहायची परवानगी, मुदत तीस किंवा नव्वद दिवस. मुदत संपायची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका. टोकन कोडमध्ये नाही, वेगळ्या सेटिंग फाइलमध्ये किंवा सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये. मात्र हे टोकनही तुमच्याच नावावर चालतं हे विसरू नका. नाव वेगळं हवं असेल तर बॉटसाठी वेगळं खातं काढता येतं. गिटहबचे नियम एका माणसाला स्वतःच्या मोफत खात्याबरोबर एक मोफत मशीन अकाउंट काढू देतात. अट अशी की ते खातं माणसाने स्वतः उघडायचं आणि त्याच्या कामाची जबाबदारी त्या माणसाची.

तिसरा रस्ता : चार-पाच क्लायंटसाठी बॉट चालवताय, फ्रीलान्सिंग करताय. मग गिटहब अॅप बनवा. क्लायंट आपल्याला हव्या त्याच रेपोवर ते बसवतो, त्यातून मिळणारं टोकन तासाभरात संपतं आणि क्लायंटला नको झालं तर तो स्वतः काढून टाकू शकतो. क्लायंटकडून त्याचं वैयक्तिक टोकन मागणाऱ्या फ्रीलान्सरला मी हल्ली सरळ सांगतो, बाबा रे, तू त्याच्या घराची किल्ली मागतोयस. आणि दुकानदारांनो, असं टोकन कुणी मागितलं तर देऊ नका.

खिडकीवरची शिस्त

एपीआय ही सार्वजनिक खिडकी आहे, तिथे रांग असते. ओळख न दाखवता गेलात तर तासाला ६० विनंत्या, टोकन दाखवलंत तर साधारण ५,०००, अॅक्शन्सच्या तात्पुरत्या टोकनला एका रेपोसाठी १,०००. आपल्या रेट लिस्टला रोज दोन-तीन पुरतात. तरी काही जण दर सेकंदाला “काही बदललं का, काही बदललं का” विचारणारा बॉट लिहितात. त्याऐवजी वेबहुक लावा, म्हणजे बदल झाला की गिटहबच तुम्हाला कळवेल. विचारायचंच असेल तर मागच्या उत्तरातला ईटॅग परत पाठवा. काही बदललं नसेल तर ३०४ असं उत्तर येतं आणि टोकन दाखवून विचारलं असेल तर ती विनंती मर्यादेत धरली जात नाही. लिहायच्या विनंत्या एकामागून एक करा, मध्ये निदान एक सेकंद सोडा. ‘नंतर या’ असं उत्तर आलं तर दार ठोठावत बसू नका, सांगितलेला वेळ थांबा.

आणि हो, “सर, स्टार वाढवणारा, फॉलो करत सुटणारा बॉट शिकवा” ही फर्माइश दर आठवड्याला येते. शिकवणार नाही. एक तर तो गिटहबच्या नियमांत बसत नाही. दुसरं म्हणजे ते खोटं आहे. दुकानाबाहेर भाड्याची गर्दी उभी करून धंदा वाढत नाही.

शिकवणाऱ्यांना दोन शब्द

माझ्यासारखे चॅनेल चालवणारे बरेच जण हे वाचतात, म्हणून त्यांनाही. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये काय झालं आठवतंय का? टी-शर्टसाठी चार पुल रिक्वेस्ट टाकायच्या होत्या. एका व्हिडिओत उदाहरणादाखल दाखवलेला किरकोळ बदल लोकांनी जसाच्या तसा उचलला आणि अनोळखी प्रोजेक्टवर तसल्याच निरर्थक पुल रिक्वेस्टचा पाऊस पडला. शेवटी आयोजकांना नियम बदलून, ज्या प्रोजेक्टला भाग घ्यायचाय त्यांनी आधी तसं सांगायचं, असं करावं लागलं. दाखवणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण बघणारा समजून घेऊन नाही, थांबून थांबून बघत तसंच करतो. आपण स्क्रीनवर जी खूण करतो ती हजार ठिकाणी होते. ‘डेमोपुरतं करतोय’ हे वाक्य कुणी कॉपी करत नाही.

आज पाच मिनिटं काढा

जुना व्हिडिओ बघून बॉट बनवला असेल तर हे आत्ता करा :

१. गिटहबच्या सेटिंग्जमध्ये डेव्हलपर सेटिंग्ज उघडा, तिथे पर्सनल अॅक्सेस टोकन्स, त्यात क्लासिक. माझ्या व्हिडिओतून बनवलेलं टोकन डिलीट करा. बॉट बंद पडेल, पडू द्या. एक दिवस रेट हाताने बदला.

२. रेपोतल्या मागच्या नोंदी बघा. क्यूआर, फोन नंबर, बँकेचा तपशील या फाइल्सना कुणी कधी हात लावलाय ते खास बघा.

३. टोकन फाइलमधून नुसतं पुसून परत कमिट केलं म्हणजे झालं, असं समजू नका. जुन्या नोंदीत ते तसंच राहतं. टोकनच रद्द करायचं. सार्वजनिक रेपोत टाकलेलं टोकन गिटहबला दिसलं तर ते स्वतःहून रद्द करतं, पण व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं त्याला दिसत नाही.

४. गिऱ्हाइकांचे पत्ते, नंबर रेपोत असतील तर तिथून हलवा. ती जागाच त्यासाठी नाही.

५. पैसे गेले असतील तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर तितकी आशा कमी.

नवीन व्हिडिओ रेकॉर्ड करतोय, पहिल्या रस्त्याने बॉट कसा बनवायचा त्यावर. दहा मिनिटांचा नसेल, पंचवीस मिनिटांचा असेल. त्यातली आठ मिनिटं फक्त किल्लीवर आहेत. ज्यांना घाई आहे ते सोडून जातील, चालेल. ताईंना मी तो आधी दाखवणार आहे. त्यांना समजलं तरच टाकणार.

काही अडलं तर खाली कमेंट करा, मी उत्तर देतो. फक्त एररचा स्क्रीनशॉट टाकताना त्यात टोकन दिसत नाहीये ना, तेवढं बघा. मागच्या आठवड्यातच असे दोन स्क्रीनशॉट मी डिलीट केलेत.